भूक कोण ठरवतं? शरीराची घडण, दिवसाचा खर्च आणि आपलं ताट

गोव्यातल्या सावईवेऱ्यात आमच्या काकांचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. काका ६८ वर्षांचे, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. सकाळी पाटाचं पाणी सोडायला उतरतात, दहाच्या पेजेला घरी येतात आणि पुन्हा उतरतात ते दुपारच्या जेवणापर्यंत. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, पणजीत कचेरीत बसतो. वय ४२, उंची १६८, वजन ७८. रविवारी दोघं शेजारी जेवायला बसतात तेव्हा दोघांच्या ताटात तेवढाच भात आणि तेवढंच हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची आमटी असते. काकी वाढताना हात आखडत नाही. दादाही नको म्हणत नाही, कारण त्याला खरोखरच भूक लागलेली असते.

ती भूक खरी आहे, हे आधी मान्य करूया. मी फोंड्यात आहारसल्ल्याचं काम करते. माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी बहुतेकजण आल्या आल्या स्वतःला दोष देतात: माझा तोंडावर ताबा नाही, मी आळशी आहे. मी त्यांना आधी टेप देते आणि वही देते. आपण किती खातो यामागे आपल्या शरीरात काय किती आहे आणि ते दिवसभरात किती जाळतं याचा मोठा हात असतो. तो हिशेब घरी मांडता येतो. हा लेख त्यासाठीच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. त्यामुळे हा हिशेब आपल्याला इतरांपेक्षा थोडा अधिकच लागू आहे.

आधी थोडं शरीराच्या आत

शरीराचे ढोबळ दोन भाग करा. एक चरबी. दुसरा चरबी सोडून सगळं: स्नायू, हाडं, यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, रक्त, पाणी. या दुसऱ्या भागाला लीन मास म्हणतात.

आपण नुसते पडून असलो तरी शरीर ऊर्जा जाळत असतं, आणि हा खर्च मुख्यतः लीन मास करतं. त्यातही वाटणी सारखी नाही. हृदय आणि मूत्रपिंडं दिवसाला किलोमागे सुमारे ४४० कॅलरी जाळतात, मेंदू २४०, यकृत २००. स्नायू विश्रांतीत असताना किलोमागे फक्त १३ आणि चरबी साडेचार. म्हणून "दोन किलो स्नायू वाढवा, झोपेतही वजन उतरेल" असं कुणी सांगितलं तर हिशेब करून बघा: दोन किलो स्नायू म्हणजे दिवसाला २६ कॅलरी, अर्ध्या वाटीच्याही कितीतरी कमी भात. स्नायू हवेतच, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ती पुढे येतील.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशींतून निघून मेंदूला साठ्याची खबर देणारं हे संप्रेरक. तेव्हा अनेकांना वाटलं, भुकेचा लगाम सापडला. पण अंगावर चरबी भरपूर असलेल्या माणसाच्या रक्तात लेप्टिनही भरपूर असतं आणि तरी त्याची भूक कमी होत नाही. तो निरोप मेंदूपर्यंत नीट पोचेनासा होतो. पुढे २०११ च्या सुमाराला इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात जॉन ब्लंडेल आणि सहकाऱ्यांनी माणसांचं शरीर मोजून त्यांचं खाणंही मोजलं. जेवणाचा आकार आणि दिवसभरातलं एकूण खाणं यांचा संबंध चरबीशी किंवा बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याशी) लागला नाही. तो लागला लीन मासशी आणि पडल्या जागी होणाऱ्या खर्चाशी. शरीराचा रोजचा न टाळता येणारा खर्च हा भुकेचा पाया आहे, असा त्याचा अर्थ.

आता दादाकडे बघा. त्याचं शरीर काकांपेक्षा मोठं आहे. मोठ्या शरीरात चरबी जास्त असते तसं लीन मासही जास्त असतं. म्हणजे बसून असला तरी त्याचा पायाभूत खर्च काकांपेक्षा जास्तच. "माझं चयापचय मंद आहे, म्हणून मी जाड" ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत चूक निघते. दादा म्हणतो की चाळिशीनंतर ते मंदावलं. २०२१ मध्ये हर्मन पॉन्त्झर आणि सहकाऱ्यांनी ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं एकत्र केली. शरीराची घडण हिशेबात धरली तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत तो खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. चाळिशीत बदलतं ते आपलं हलणं-फिरणं आणि स्नायूंचं प्रमाण.

मग दादाचं नेमकं बिनसलं कुठे? याचं उत्तर १९५६ सालच्या एका अभ्यासात आहे, आणि तो आपल्याच देशात झाला. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बंगालमधल्या ताग गिरणीतल्या माणसांचं खाणं, वजन आणि काम नोंदवलं. बसून काम करणाऱ्या कारकुनांपासून ओझी वाहणाऱ्या मजुरांपर्यंत सगळे त्यात होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत खाणं कामाच्या प्रमाणात वाढत गेलं आणि वजनं सारखीच राहिली. पण अगदी बैठं काम करणाऱ्यांचं खाणं त्या मानाने उतरलं नव्हतं. उलट ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त होतं, आणि वजनंही जास्त होती. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा आणि खर्चाचा ताळमेळ सुटतो. काकांचं शरीर या मर्यादेच्या वर आहे, दादाचं खाली. गोव्यात एका पिढीत कितीतरी घरं शेत-कुळागरातून कचेरीत आणि हॉटेलात गेली. काम गेलं, ताट तेच राहिलं.

पहिली पायरी: टेप घ्या, काट्याच्या आधी

शिवणकामाची टेप. सकाळी, काही खाण्याआधी, उभं राहून, सावकाश श्वास सोडल्यावर. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपा आणि दोन्हींच्या मधोमध टेप फिरवा. पॅन्ट बांधतो ती जागा नव्हे. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा मानतात. बीएमआयही आपल्यासाठी २३ पासूनच जास्त धरतात. कारण मराठी वाचकाला ओळखीचं आहे: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्याला हा फरक दिसत नाही. टेपला बराचसा दिसतो.

दुसरी पायरी: चरबी वगळून उरलेलं वजन काढा

घरी चालणारं सोपं सूत्र आहे. उंची आणि कंबर दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. उंचीला कमरेने भागा, येईल त्याला २० ने गुणा. पुरुषांनी तो आकडा ६४ मधून वजा करायचा, स्त्रियांनी ७६ मधून. उत्तर म्हणजे चरबीचं अंदाजे टक्केवारीतलं प्रमाण.

माझ्या वहिनीचं उदाहरण घेते, तिच्या परवानगीने. वय ४५, उंची १५५, वजन ६४ किलो, कंबर ८८. भागाकार १.७६, गुणाकार ३५.२. ७६ मधून वजा केल्यावर ४०.८ टक्के. म्हणजे ६४ किलोंपैकी सुमारे २६ किलो चरबी आणि ३८ किलो लीन मास.

हे सूत्र अमेरिकेतल्या मोजमापांवर बसवलेलं आहे. त्याच कमरेला आपल्यात चरबी थोडी अधिक निघू शकते. तरी सुरुवातीला एवढं पुरे. वजनकाट्यातच चरबी दाखवणारी यंत्रं हल्ली घरोघरी आहेत. ती तळपायातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. त्यामुळे पाणी कमी प्यायलात, घाम आला, पाळीचे दिवस असले की आकडा बदलतो. अशा यंत्रावर रोजचा आकडा वाचून कष्टी होऊ नका. एकाच वेळी, एकाच स्थितीत, महिन्यातून एकदा घेतलेला आकडा मात्र कल दाखवायला उपयोगी.

तिसरी पायरी: दिवसाचा खर्च

लीन मासला २१.६ ने गुणा आणि ३७० मिळवा. हा पडल्या जागेचा खर्च. वहिनीचा ३८ गुणिले २१.६, अधिक ३७०, म्हणजे सुमारे ११९०. त्याला दिवसभराच्या हालचालीने गुणायचं. बैठं आयुष्य असेल तर १.४, मध्यम कष्टाचं असेल तर १.८, जड कष्टाचं असेल तर २.३. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी याच पट्टीवर आहेत. वहिनी बैठी, म्हणून १,६६५ च्या आसपास. याच संस्थेने ५५ किलोच्या बैठ्या स्त्रीसाठी १,६६० आणि ६५ किलोच्या बैठ्या पुरुषासाठी २,११० कॅलरी धरल्या आहेत, म्हणजे आकडा ताळ्यावर आहे.

काकांचं मोजलं. कंबर ८२, चरबी सुमारे २४ टक्के, लीन मास ४७ किलो, पडल्या जागेचा खर्च १,३९०. गुणिले १.८ म्हणजे २,५००. दादाचं: कंबर ९८, चरबी ३० टक्के, लीन मास ५५ किलो, पडल्या जागेचा खर्च १,५५०. गुणिले १.४ म्हणजे जेमतेम २,१७५. मुलाचं शरीर सोळा किलोंनी जड, पाया मोठा, आणि तरी दिवसाचा खर्च अडुसष्ट वर्षांच्या बापापेक्षा सव्वातीनशेने कमी. हा कागद मी दादाला दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला होता.

स्वतःला १.८ देण्याचा मोह होतो. संध्याकाळी मिरामारला अर्धा तास चालणारा आणि उरलेला दिवस खुर्चीत व दुचाकीवर घालवणारा माणूस १.४ आणि १.५ च्या मध्येच कुठेतरी असतो.

चौथी पायरी: चौदा दिवसांची वही

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच सगळ्यांत जास्त शिकवते. चौदाच दिवस का? १९५५ मध्ये इंग्लंडात एडहोम आणि सहकाऱ्यांनी १२ लष्करी कॅडेटांचं खाणं आणि खर्च चौदा दिवस रोज मोजला. त्या-त्या दिवशीचा खर्च आणि त्याच दिवशीचं खाणं यांत संबंध सापडला नाही. दोन आठवड्यांची सरासरी घेतल्यावर ताळमेळ दिसू लागला. आज जास्त चाललात म्हणून आजच जास्त भूक लागेल असं नाही, आणि काल लग्नात जेवलात म्हणून आज आपोआप कमी खाल असंही नाही. एका दिवसाची नोंद म्हणजे एका लाटेवरून भरती-ओहोटी ठरवणं.

वहीत दोन गोष्टी लिहा. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी घेतलेलं वजन, आणि तोंडात गेलेलं सगळं. लिहिण्याच्या वेळी खाणं बदलू नका. या चौदा दिवसांत कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही.

आपल्या घरांत नोंद कुठे चुकते ते सांगते, कारण बाहेरच्या ॲपमध्ये हुमणाचा हिशेब नीट मिळत नाही.

भात: शिजलेला मोजण्यात पाण्याचा घोळ होतो. सकाळी तांदूळ धुण्याआधी वजन करा. उकडा असो की सुरय, १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी म्हणजे दोनशेच्या आसपास. पेजेत मात्र चाळीसेक ग्रॅम तांदळाचा मोठा वाडगा होतो, सुमारे १४० कॅलरी. पोटात जागा भरपूर व्यापते आणि ऊर्जा कमी. काकांच्या पिढीचं हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

नारळ: सर्वांत मोठा आणि सर्वांत विसरला जाणारा आकडा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात रोज एक मध्यम नारळ, २५० ग्रॅम खोबरं धरलं, तर माणशी सव्वादोनशे कॅलरी होतात. वहिनीच्या वहीत पहिले पाच दिवस नुसतं "हुमण, एक वाटी" लिहिलेलं होतं. खवलेलं खोबरं वजन करून भांड्याच्या झाकणावर आकडा चिकटवायचा आणि खाणाऱ्यांनी तो वाटून घ्यायचा, हा उपाय तिचाच. एक फरक लक्षात ठेवा: रस काढून चव (पिळून उरलेलं खोबरं) टाकून दिला असेल तर सगळे २२५ धरू नका.

तेल: वाटीने मोजू नका, महिन्याने मोजा. चार माणसांत महिना तीन लिटर संपलं तर माणशी रोज दोनशेच्या थोडं वर. तळून उरलेलं तेल टाकलं असेल तर वजा करा.

गाड्यावरचं: म्हापशाच्या बाजारात सकाळी तीन पाव, पातळभाजी आणि वर दोन मिरची भजी झाली की सहाशेच्या पुढे सहज जातो. रस-आम्लेटही त्याच घरातलं. साखरेचा चहा, कपात दोन चमचे, दिवसाला चार कप: नुसत्या साखरेचेच १६०. हुर्राक आणि फेणीही वहीत लिहायची. फेणीच्या ६० मिलीत नुसत्या मद्याचेच सुमारे १४० होतात, सोबतचे तळलेले तुकडे वेगळे.

पाचवी पायरी: दोन्ही बाजू जुळवा

चौदा दिवसांच्या खाण्याची सरासरी काढा. वजनाची पहिल्या आठवड्याची आणि दुसऱ्या आठवड्याची सरासरी काढा. एकेका दिवसाचं वजन पाण्यावर, मिठावर, कालच्या भातावर एक-दीड किलोने वरखाली होतं. सुके बांगडे किंवा पापड-लोणचं जास्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा वर दिसला म्हणून चरबी वाढलेली नसते. शरीराच्या चरबीच्या एका किलोत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. एका रात्रीत तेवढं जादा खाणं कुणाला जमत नाही.

दोन्ही सरासरी सारख्या असतील तर तुमचं खाणं आणि तुमचा खर्च सध्या बरोबरीत आहे. वहिनीच्या वहीत सरासरी १,४५० आली आणि वजन हललं नाही. सूत्र १,६६५ म्हणत होतं. ती म्हणाली, "अगो, म्हणजे माझं शरीर खरंच कमी जाळतं." मी म्हटलं, "वहिनी, आधी तेल आणि नारळ पुन्हा मोजूया." पुढच्या आठवड्यात भांड्याच्या झाकणाचा आकडा धरून सरासरी १,६२० आली. खाणं कमी लिहिलं जाणं ही सगळीकडे दिसणारी गोष्ट आहे, यात लबाडी नसते. शिजवणाऱ्या बाईने चव बघताना, मुलांच्या ताटात उरलेलं संपवताना खाल्लेलं लिहायचं राहूनच जातं. सूत्रातही दहा टक्क्यांची चूक असू शकते. म्हणून सूत्र आणि वही यांत मतभेद झाला की वहीच नीट करून पुन्हा बघायची, आणि शेवटी निवाडा वजनाच्या सरासरीने करायचा.

सहावी पायरी: कमी किती करायचं

दोन वर्षांपूर्वी वहिनीने महिन्यात सहा किलो उतरवणारा एक आहार केला होता. दिवसाला आठशे-नऊशे कॅलरी, भात बंद, संध्याकाळी काकडी. ६२ ची ५६ झाली. आठ महिन्यांत ६४. तेव्हापासून ती मनाने खचली होती, आणि तिला तसं करायला लावणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

तिच्या शरीराने काय केलं असेल ते समजायला १९४४-४५ चा मिनेसोटाचा प्रयोग बघावा लागतो. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलं. पुढे त्या नोंदींचा अब्दुल डुलू यांनी नव्याने अभ्यास केला. पुन्हा मोकळेपणाने खायला मिळाल्यावर त्या माणसांची भूक पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली, आणि गमावलेलं लीन मास भरून येईपर्यंत ती शमली नाही. चरबी लवकर परत आली, लीन मास सावकाश. लीन मास पूर्ण भरेपर्यंत चरबी आधीपेक्षा जास्त झालेली होती. उपासमारीत स्नायू गमावले की शरीर ते मागतं, आणि ते मागत असताना चरबी वाढत राहते.

म्हणून घट लहान ठेवा. सध्याच्या खऱ्या खाण्यातून २०० ते ३०० कॅलरी, त्याहून जास्त नको. वहिनीला आम्ही २५० वजा करून १,३७० वर आणलं.

यात अपेक्षाही नीट हवी. २५० गुणिले ३६५ भागिले ७,७०० केलं तर वर्षाला बारा किलो उतरतील असं वाटतं. तसं होत नाही, कारण वजन उतरतं तसा खर्चही उतरतो. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला ठोकताळा जास्त खरा आहे: खाण्यात कायमची २४ कॅलरींची घट म्हणजे शेवटी एक किलो, त्यातलं अर्धं पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळं तीन वर्षांत. म्हणजे २५० ची घट वर्षभरात पाचेक किलो देते. ऐकायला कमी वाटतं. पण बारा किलोंचं स्वप्न बघून सहाव्या महिन्यात सोडून देणाऱ्यांना मी फार बघितलंय.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. चार किलो उतरल्यावर अचानक खायखाय सुटली तर तुमचं मन दुबळं झालेलं नाही, शरीर ओढतंय. त्या ओढीसाठी ताट आधीच तयार ठेवायचं.

सातवी पायरी: ताट

भात अर्धा करा असं सांगणं सोपं. पण भात काढला आणि त्याची जागा रिकामी ठेवली तर चार वाजता पाव त्या जागेवर येतो. आधी प्रथिनं वाढवा, मग भात कमी करा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं, आणि ती पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो. पिठूळ पदार्थांत हा भाग ५ ते १० टक्के, स्निग्धात ३ पर्यंत. स्नायू टिकवायलाही तीच लागतात.

रोजची किमान गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम. वजन उतरवताना मी किलोमागे १ ते १.२ धरते, म्हणजे वहिनीला ६५ ते ७५ ग्रॅम. गोव्यात हे अवघड नाही. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात वीसच्या आसपास. तारले स्वस्त आणि तितकेच चांगले. तळण्याऐवजी हुमणात, तव्यावर किंवा उडदमेथीत, आणि नारळ मोजून. एका अंड्यात ६. शिजवलेल्या अळसांद्यांच्या (मोठ्या चवळीच्या) वाटीत ११ ते १२. दह्याच्या वाटीत ५. सोमवार-गुरुवारच्या शिवराक (शाकाहारी) दिवशी प्रथिनं एकदम कोसळतात, त्या दिवशी मुगागाठी किंवा अळसांद्यांचं तोणाक दोन वाट्या आणि सोबत दही असं ठरवूनच टाका. मासेमारीच्या बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ताजी मासळी महागते. तेव्हा अंडी आणि कडधान्यं. सुकी मासळी चालते, पण मिठामुळे रक्तदाबवाल्यांनी जपून.

वहिनीचं दुपारचं ताट आता असं: भात दीड वाटी, आधी अडीच होता. बांगडा एकाऐवजी दोन लहान. हुमण तेच, पण घरात एक नारळ दीड दिवस. भोपळ्याची किंवा तांबड्या भाजीची वाटी भरून, वर खोबरं चिमूटभर. सोलकढी नारळाशिवायची. सकाळी दहाला पेज आणि उकडलेलं अंडं. रात्री तेच, भात एक वाटी.

पाकीटबंद खाण्याबद्दल एवढंच सांगते. २०१९ मध्ये हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटातली साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू सारखे ठेवले होते. हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. काट्यांचा मासा सावकाश खावा लागतो, हेही त्याच्या गुणांतच धरा.

आठवी पायरी: स्नायू टिकवणं आणि मर्यादेच्या वर येणं

चालून कॅलरी जाळण्याचा हिशेब निराश करतो. ६५ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर बसून राहण्यापेक्षा जेमतेम दीडशे-पावणेदोनशे जास्त जाळतो. पण ताग गिरणीतला धडा आठवा. हालचालीने भूक आणि खर्च पुन्हा एकमेकांना धरून चालू लागतात, आणि बैठ्या माणसाला खरा लाभ तिथे आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पुरेशी आहे. पावसाळ्यात चार महिने रस्ता सुटतो, तेव्हा पडवीत किंवा जिन्यावर वेळ लावून चाला, पण सोडू नका.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं दहा वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं दहा वेळा, पाण्याने भरलेले दोन कॅन उचलून अंगणातून दोन फेऱ्या. असे तीन आवर्त. सोपं वाटायला लागलं की पाणी वाढवा. वजन उतरताना उतरलेल्यातला मोठा भाग चरबीचाच असावा, याची खात्री प्रथिनं आणि हा व्यायाम दोन्ही मिळून देतात. जेवणानंतर रक्तातल्या साखरेचा मोठा भाग स्नायू उचलतात. मधुमेहाच्या या राज्यात स्नायू जपायला एवढं कारण पुरे.

कुणी स्वतःहून करू नये

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच ठेवून भात घटवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं मनाने वाढवायची नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घट करायची नाही. काही न करता वजन उतरत असेल तर वही बाजूला ठेवून आधी तपासणी.

दर दोन आठवड्यांनी

वजनाची आठवड्याची सरासरी आणि महिन्यातून एकदा कंबर. कंबर उतरतेय आणि वजन थांबलंय, तर काही बदलू नका. वजन आठवड्याला पाऊण किलोहून जास्त उतरतंय, तर खाणं थोडं वाढवा, कारण स्नायू जाताहेत. सहा आठवडे दोन्ही थांबले, तर चौदा दिवसांची वही पुन्हा काढा. दर चार-पाच किलोंनी दुसरी आणि तिसरी पायरी नव्याने करा, खर्च बदललेला असतो.

चवथीचे दिवस वहीत ताऱ्याने खुणावून सोडून द्यावेत. नेवऱ्या, पातोळ्या खाव्यात. त्या आठवड्याची सरासरी कुणी काढू नये, पुढच्या आठवड्यापासून पुन्हा लिहायला लागावं.

वहिनीला आता सात महिने झाले. वजन ६०.५, कंबर ८१. सूत्राने चरबी ३७.७ टक्के, लीन मास ३७.७ किलो, म्हणजे जवळजवळ जिथे होतं तिथेच. दादाने गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी काकांबरोबर कुळागरात उतरायला सुरुवात केलीय. काकी अजून तेवढंच वाढते, पण आधी मासा आणि भाजी, भात शेवटी.